दळण येईपर्यंतचं उसनं पीठ: गालावरच्या चाव्याचं एक प्रकरण

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तारखा दिलेल्या नाहीत, दिवस दिले आहेत. श्वानदंशात आम्ही दिवसच मोजतो, आणि पहिली लस टोचली तो शून्य दिवस.

पार्श्वभूमी

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या केंद्राच्या हद्दीत ऊसतोड मजुरांच्या दोन-तीन टोळ्या उतरतात. बहुतेक बीडकडच्या. कारखान्याच्या रस्त्याला उघड्या रानात कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात. पहाटे चारला कोयते, म्हणजे ऊस तोडणारी माणसं, उसाच्या फडात जातात आणि तळावर म्हातारी माणसं, पोरं आणि कुत्री एवढंच उरतं.

त्या टोळीत एकोणीस कोप्या होत्या. चार-पाच दिवसांपासून एक तांबडं कुत्रं तळावर येऊन बसत होतं. कुणी भाकरीचा तुकडा टाकायचं, पोरं त्याच्या पाठीवर हात फिरवायची. एका सकाळी साडेसातच्या सुमाराला त्यानं चुलीपाशी बसलेल्या सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडावर झेप घेतली. डाव्या गालावर दोन खोल दात रुतले, वरच्या ओठाचा कोपरा फाटला आणि हात आडवा धरला म्हणून उजव्या मनगटाजवळ रक्ताळलेले ओरखडे आले. आजीनं हळद, चुना आणि तिखट कालवून जखमेत भरलं आणि वरून फडकं बांधलं. आई-बाप दुपारी फडातून परतले, मुकादमाला, म्हणजे टोळीच्या प्रमुखाला, विचारलं, मग निघाले. आमच्या दारात आले तेव्हा पावणेचार वाजले होते. चाव्याला आठ तास होऊन गेले होते.

नेमका प्रश्न काय होता

श्वानदंशाचे तीन वर्ग आहेत. धड कातडीला कुत्र्यानं चाटलं किंवा आपण त्याला हात लावला तर पहिला, त्याला काही करावं लागत नाही. रक्त न आलेला ओरखडा किंवा दातांची नुसती खरचट हा दुसरा वर्ग, त्याला जखम धुणं आणि लस. दात कातडीच्या आत गेले, रक्त आलं किंवा फुटलेल्या कातडीला लाळ लागली की तिसरा. ही मुलगी सरळ तिसऱ्या वर्गातली होती, आणि जखम चेहऱ्यावर, म्हणजे मेंदूपासून वीतभर अंतरावर.

रेबीजचा विषाणू रक्तातून पळत नाही. तो आधी चाव्याच्या जागी, स्नायूत थोडा रेंगाळतो. तिथून मज्जातंतूच्या टोकात शिरतो आणि तंतूतून मेंदूकडे सरकतो. लक्षणं दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, पण चावा मेंदूच्या जितका जवळ तितका हा वेळ कमी. लक्षणं सुरू झाली की उपचार जवळपास नाहीच. म्हणून विषाणू तंतूत शिरायच्या आत त्याला जखमेतच गाठावं लागतं. हे काम प्रतिपिंडांचं. विषाणूच्या अंगावर काट्यांसारखी प्रथिनं असतात, त्यांच्या आधारानंच तो पेशीला चिकटतो. प्रतिपिंडं त्या काट्यांवर जाऊन बसतात आणि त्याला चिकटायला जागाच ठेवत नाहीत. एकदा तो तंतूच्या आत गेला की प्रतिपिंडांना तो फारसा सापडत नाही.

आमच्याकडे लस होती. लस शरीराला प्रतिपिंडं बनवायला लावते, पण त्याला वेळ लागतो. कातडीत टोचलेला मृत विषाणू तिथल्या पहारेकरी पेशी उचलून काखेतल्या गाठीपर्यंत नेतात. ज्या थोड्या पेशींना नेमका हाच काटा ओळखता येतो त्या तिथे निवडल्या जातात, वाढतात आणि प्रतिपिंडं रक्तात सोडू लागतात. पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला सात ते चौदा दिवस लागतात. हे दिवस भरून काढायला तयार प्रतिपिंडं, म्हणजे रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिन, लागतात. त्याला आम्ही सगळे सिरमच म्हणतो. ते आमच्याकडे नव्हतं. सगळ्यात जवळचं उपजिल्हा रुग्णालयात, अडतीस किलोमीटरवर.

आजीला हे कसं सांगायचं, असा प्रश्न होता. तिचं म्हणणं, एक सुई मारा आणि सोडा, पोटात चौदा इंजेक्शनं देत असाल तर पोरगी मरेल. चौदा इंजेक्शनांची ती आठवण खरी होती. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस पोटावर टोचत असत, आणि तिच्यानं काहींना लकवाही होई. आपल्याकडे ती 2004 च्या अखेरीस बंद झाली. मी म्हटलं, "आजी, आता दंडात बारीक सुई देतो. ते दळण टाकल्यासारखं आहे. पीठ आठवड्यानं मिळणार. पण पाहुणा आज दारात उभा आहे. मग आजची भाकरी कशाची? शेजारून उसनं पीठ आणायचं. ते उसनं पीठ तालुक्याला आहे." आजी जरा गप्प बसली. मग म्हणाली, "मग उसनं आजच आणाया पाहिजे, बाई. उद्या आणून काय करायचं?"

सिरमचं इतकं नेमकं वर्णन मी एकाही पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही.

त्या दुपारी समोर असलेले पर्याय

रेफर करायच्या आधी धुणं झालं, त्यावर चर्चा नव्हती. बाहेरच्या नळाखाली, साबणानं, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. ऐकायला सोपं आहे. सहा वर्षांची मुलगी, फाटलेला ओठ, आत भरलेलं तिखट. सिस्टरनं तिला मांडीवर घेतलं आणि आईनं डोकं धरलं. चौथ्या मिनिटाला बाप म्हणाला, पुरे झालं मॅडम. सातव्या मिनिटाला चुन्याचा पांढरा गोळा सुटून पाण्यात पडला आणि त्याखालची खरी जखम पहिल्यांदा दिसली. पंधराव्या मिनिटापर्यंत आम्ही सगळे भिजलो होतो. रेबीजच्या विषाणूला चरबीचं आवरण असतं आणि साबणानं ते विरघळतं. आधीचे आठ तास तिखट आणि चुन्यात गेले होते, त्यामुळे या पंधरा मिनिटांत कसूर करून चालणार नव्हतं. मग पोव्हिडोन आयोडीन लावलं आणि जखम उघडीच ठेवली.

पुढे काय, यावर मात्र चार वाटा होत्या.

लस देऊन घरी पाठवायचं आणि सकाळी सिरमसाठी या म्हणायचं, ही बापाला सोयीची वाट. पहिल्या डोसपासून सात दिवसांपर्यंत सिरम देता येतं, त्यामुळे कागदावर यात चूक काढता येत नाही. पण चेहऱ्याच्या चाव्यात एक रात्र वाया घालवायची आणि सकाळी ही माणसं पुन्हा येतील असं धरून चालायचं, हे मला जमणारं नव्हतं.

लस न देता तातडीनं पुढे पाठवायचं, सगळं एकाच ठिकाणी होऊ दे. ही पद्धत आजही काही ठिकाणी आहे. रस्त्यात काही अडलं तर मूल दोन्हींविना राहतं.

मानवी इम्युनोग्लोब्युलिन बाजारातून आणायचं. किलोला वीस युनिट, म्हणजे पंधरा किलोच्या मुलीला तीनशे. पण ते औषध तालुक्याच्या दुकानात मिळेलच असं नाही, आणि मिळालं तरी हजारोंचा खर्च. आगाऊ उचल घेऊन आलेल्या कोयत्याला तो सुचवणंही मला जड गेलं.

चौथी वाट म्हणजे पहिली लस इथेच द्यायची आणि त्याच संध्याकाळी रुग्णवाहिकेतून पुढे पाठवायचं. मी ती निवडली. दोन्ही दंडांवर कातडीत 0.1 मिली प्रत्येकी, संत्र्याच्या सालीसारखा फुगवटा नीट उठला. धनुर्वाताचं इंजेक्शनही दिलं.

इथे एक अडचण आली, जिचा वैद्यकशास्त्राशी संबंध नव्हता. बाप निघायला तयार होईना. रात्र तिकडे गेली तर सकाळी कोयत्याला खाडा पडणार. मी त्याला समजावण्यात पंचवीस मिनिटं घालवली. शेवटी सिस्टरनं मुकादमाचा नंबर मागितला आणि फोन स्पीकरवर ठेवला. मी मुकादमाला एवढंच सांगितलं की या मुलीला हा रोग झाला तर तो बरा होत नाही, आणि तुमच्या तळावर आणखी पोरं आहेत. तो म्हणाला, "जाऊ द्या त्येला. खाडा धरीत न्हाई." दोन मिनिटांत प्रश्न सुटला. हा फोन मी आधीच करायला हवा होता.

रेफरल चिठ्ठी

आमची रुग्णवाहिका प्रसूतीच्या केसला गेली होती. 108 आली तेव्हा सहा वाजून गेले होते. मी घाईत चिठ्ठी लिहिली: कुत्रा चावला, लसीचा पहिला डोस दिला, पुढील उपचारासाठी पाठवत आहे.

सव्वानऊला बापाचा फोन आला. "मॅडम, इथं म्हणत्यात लस झालीया, आता तीन दिसांनी या. घरी जाऊ का?"

रात्रपाळीच्या डॉक्टरनं माझ्या चिठ्ठीत लिहिलेलं तेवढंच वाचलं होतं. तिसरा वर्ग, चेहरा, आणि सिरम द्यावं हे शब्द त्यात नव्हतेच. त्यांचा दोष मी किती धरू? मुलीच्या गालाला आम्हीच आयोडीन लावलेलं, जखमा स्वच्छ दिसत होत्या, बाहेर रांग होती. मी फोनवर बोलले आणि त्यांनी लगेच मान्य केलं. सिरमच्या फ्रिजची किल्ली फार्मासिस्टकडे होती, त्याला घरून बोलावलं. अकराच्या सुमाराला सिरम दिलं गेलं.

ते कसं दिलं हे मी दुसऱ्या दिवशी विचारून घेतलं, कारण चूक बहुधा इथेच होते. घोड्याच्या रक्तापासून बनलेलं सिरम किलोला चाळीस युनिट, म्हणजे सहाशे युनिट. एका मिलीत तीनशे, म्हणजे दोन मिली. गालावर दोन जखमा, ओठ आणि मनगट, एवढ्या जागांना दोन मिली पुरत नव्हतं. डॉक्टरनं ते सलाइनमध्ये दुप्पट केलं आणि प्रत्येक जखमेच्या आत आणि कडेनं थोडं थोडं भरलं. तीव्र अॅलर्जी आली तर द्यायचं अॅड्रिनॅलिन शेजारी काढून ठेवलं होतं, लागलं नाही. पूर्वी उरलेलं सिरम कमरेत टोचायची रीत होती. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये ती सोडून द्यायला सांगितलं, कारण कमरेतली प्रतिपिंडं रक्तात पसरून विरळ होतात आणि विषाणू असतो गालात.

सिरम जास्त दिलं तर जास्त चांगलं, असंही नाही. उसनी प्रतिपिंडं लसीतल्या विषाणूवरही बसतात आणि शरीराला ती लस नीट दिसू देत नाहीत. म्हणून मापाबाहेर सिरम द्यायचं नाही, लस आणि सिरम एका जागी टोचायचं नाही, आणि सात दिवसांनंतर तर द्यायचंच नाही, तोवर घरचं पीठ यायला लागलेलं असतं. गोवराची लस आपण नवव्या महिन्याच्या आधी का देत नाही, त्याचं कारण बरंचसं हेच. आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात असतात आणि तीच लसीला निकामी करतात. लसीकरणाच्या दिवशी आया हा प्रश्न नेहमी विचारतात, आणि आता मी त्यांनाही पिठाचंच उदाहरण देते.

टाक्यांवरून तिथे वाद झाला. बापाचं म्हणणं रास्त होतं: पोरीचं तोंड आहे, शिवून टाका. पण चाव्याची जखम लगेच शिवली तर सुईबरोबर विषाणू आणखी खोल जाऊ शकतो. डॉक्टरनं आधी सिरम भरलं, काही तास थांबले आणि पहाटे ओठाच्या कोपऱ्यावर दोन सैल टाके घातले. गाल उघडाच ठेवला.

तिसरा दिवस: तळावर

दुसऱ्या डोसच्या दिवशी आशाताई आणि आरोग्यसेवक संध्याकाळी तळावर गेले. मुद्दाम संध्याकाळी, कारण दिवसा तिथे कुणी भेटत नाही. कुत्रं मुलीला चावलं त्याच दुपारी काठ्यांनी मारून गाडीवाटेच्या कडेला पुरलं होतं. ते लाळ गाळत होतं, आवाज बदलला होता आणि एका वासरालाही चावलं होतं, असं सगळे सांगत होते. वासराचं पशुवैद्यकाला कळवलं. कुत्र्याचं डोकं तपासायला पाठवता आलं असतं, पण तीन दिवस पुरलेल्या कुत्र्याचा काय नमुना घेणार? त्यामुळे ते पिसाळलेलं होतं असा पुरावा या प्रकरणात नाही.

आशाताईंनी प्रत्येक कोपीत "कुणाला चावलं का?" असं विचारलं. सगळ्यांनी नाही म्हटलं. मग त्यांनी प्रश्न फिरवला: "कुणाला चाटलं का? लाळ लागली का?" तेव्हा एक नऊ वर्षांचा मुलगा पुढे आला. उसाच्या पाचटानं त्याचा घोटा चिरला होता आणि मुलीला चावायच्या आदल्या दिवशीच कुत्र्यानं ती चीर चाटली होती. त्याच्या आईला यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. चिरलेल्या कातडीला लाळ लागली म्हणजे तिसरा वर्ग, नुसती लस पुरणार नव्हती. एका माणसाला रक्त न आलेला ओरखडा होता, त्याला लस पुरेशी.

या वेळी चिठ्ठीवर मी लाल पेनानं लिहिलं: वर्ग तीन, सिरम द्यावे. मुलाला दुसऱ्या दिवशी दुपारी पाठवलं आणि रात्री आठपर्यंत तो परत तळावर होता.

फड हलला

पाचव्या दिवशी टोळी तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावाच्या फडाला गेली. आमच्या यादीतली तीन माणसं सकाळी कोप्यांसकट दिसेनाशी झाली. मुलीचा सातव्या दिवसाचा डोस चुकला, बाकी दोघांचा तिसऱ्या दिवसाचा.

नवव्या दिवशी मुकादमाला फोन लागला. त्यानं तिघांना तिथल्या आरोग्य केंद्रात नेलं, आणि तिथे दोन शंका निघाल्या. डोस दोन दिवस चुकला, मग कोर्स पहिल्यापासून सुरू करायचा का? आणि त्यांच्याकडे त्या दिवशी दंडात स्नायूत द्यायची पद्धत चालू होती, कातडीतून सुरू झालेला कोर्स तसा पुढे नेता येतो का? दोन्हींची उत्तरं ठरलेली आहेत. चुकलेला डोस मिळेल त्या दिवशी द्यायचा आणि तिथून पुढे मोजायचं. मार्ग बदलला तरी कोर्स पुन्हा सुरू करावा लागत नाही, कारण शरीरानं ओळखायला सुरुवात केलेली असते. फोनवर पाच मिनिटांत हे ठरलं. फोन झाला नसता तर तिघांना एकतर परत पाठवलं असतं किंवा सगळं नव्यानं सुरू केलं असतं, आणि मग शेवटपर्यंत कुणी टिकलं नसतं.

निष्पत्ती

मुलीचे आणि त्या मुलाचे डोस पूर्ण झाले. शेवटचा डोस मुलीनं बत्तिसाव्या दिवशी घेतला. ओरखड्याच्या माणसानं शेवटचा डोस घेतला नाही. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा तो फडात होता. पुढच्या हंगामात टोळी परत आली तेव्हा तिघेही धडधाकट होते. मुलीच्या ओठाचा कोपरा किंचित वर ओढलेला आहे, हसली की कळतो.

उपचारानं ती वाचली असं मी ठामपणे म्हणू शकत नाही, कारण कुत्र्याची तपासणी झालेली नाही. पण वासरू मेलं, आणि पशुवैद्यकानं सांगितलेली लक्षणं ऐकल्यावर मी त्यावर फार विचार करत बसले नाही.

बापानं तेव्हा विचारलं, पुन्हा चावलं तर पुन्हा सगळं? नाही. कोर्स झालेल्याला शून्य आणि तिसऱ्या दिवशी असे दोनच डोस लागतात, आणि सिरम लागत नाही. काखेतल्या त्या गाठींत आठवण ठेवणाऱ्या पेशी उरतात. दुसऱ्यांदा पीठ आठवड्यानं नाही, लवकर येतं. कार्ड मात्र जपून ठेवावं लागतं. त्याच्या बायकोनं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर ठेवलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

माझी चिठ्ठी ही या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक. तिच्यामुळे तीन तास गेले, आणि बापाकडे फोन नसता तर सिरम दिलंच गेलं नसतं. आता आमच्या टेबलावर श्वानदंशाचा वेगळा शिक्का आहे: वर्ग, जागा, वजन, सिरमचे युनिट, आणि समोरच्या डॉक्टरशी बोलणं झालं का. हा शेवटचा रकाना भरल्याशिवाय रुग्णवाहिका निघत नाही.

मुकादमाला आम्ही फार उशिरा गाठलं. तळावर निर्णय तोच घेतो. आता टोळी उतरली की पहिल्या आठवड्यात त्याचा नंबर आरोग्यसेवकाच्या वहीत येतो, आणि त्याच भेटीत तिखट-चुन्याऐवजी नळ आणि साबण, हे आजीलोकांना सांगून होतं.

सिरम प्राथमिक केंद्रात असावं का, यावर सहकाऱ्यांशी माझे मतभेद आहेत. घोड्याचं सिरम आमच्या पातळीवर नको म्हणणाऱ्यांना क्वचित येणाऱ्या तीव्र अॅलर्जीची भीती वाटते. तिला मी खोटं म्हणणार नाही. पण आता एकाच नेमक्या प्रतिपिंडाचं, घोड्याशिवाय पेशींमध्ये तयार केलेलं औषधही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संस्थेसोबत विकसित केलेलं असं एक औषध 2017 पासून देशात मिळतं, आणि त्याची मात्रा किलोला फक्त 3.33 युनिट आहे. ऊसपट्ट्यातल्या केंद्रांना हंगामाचे पाच महिने तरी थोडा साठा द्यावा, अशी मागणी मी लेखी केली आहे. उत्तर आलेलं नाही.

आणि अठ्ठाविसावा दिवस. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 पासून कातडीतून द्यायच्या लसीसाठी शून्य, तीन आणि सात असं एका आठवड्याचं वेळापत्रकही मान्य केलं आहे. आमच्या कार्डावर मात्र चौथा रकाना अठ्ठावीसचाच आहे. दर पंधरवड्याला फड बदलणाऱ्या माणसाला तो गाठणं किती अवघड जातं हे त्या ओरखड्याच्या माणसानं दाखवून दिलं. वेळापत्रक बदलण्याचा अधिकार मला नाही. तोपर्यंत अठ्ठाविसाव्या दिवशी टोळी कुठल्या गावात असेल, हे मी शून्य दिवशीच मुकादमाला विचारून कार्डाच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवते.